गावरान कोंबडीची पिसे काढण्याचे यंत्र घरच्या घरी कसे बनवावे

मराठवाड्यातील बहुतेक चिकनच्या दुकानांत ब्रॉयलर कोंबडी पिसांसकट कातडी सोलूनच दिली जाते, त्यामुळे पिसे उपटण्याचा प्रश्न तेथे फारसा येत नाही. गावरान कोंबडीचे तसे नाही. ती कातडीसकट हवी असते. पिसे काढल्यावर तिला जाळावर भाजून, हळद चोळून मगच चिरले जाते, आणि सोललेल्या गावरान कोंबडीला जाणते गिऱ्हाईक हात लावत नाही. सवयीच्या माणसालाही एक गावरान कोंबडी हाताने नीट साफ करायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. एरवी ते चालून जाते, पण आखाडातल्या रविवारी किंवा धुळवडीला सकाळी नऊच्या आत पंचवीस-तीस कोंबड्या तयार करायच्या असतील, तर घरातील सगळी माणसे त्याच कामाला जुंपावी लागतात. ज्यांचे परसातील किंवा लहान शेडमधील कुक्कुटपालन या टप्प्याला आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. महिन्याला दोन-चार कोंबड्या कापणाऱ्याने या फंदात पडू नये; त्याला गरम पाणी आणि दोन हात पुरेसे आहेत.

येथे वर्णन केलेले यंत्र ड्रम पद्धतीचे आहे. उभ्या ड्रमच्या आतील भिंतीवर रबरी बोटे बसवलेली असतात, तळाशी तशाच बोटांची एक गोल थाळी फिरत असते, आणि थाळी व भिंत यांच्यामध्ये चारी बाजूंनी बारीक फट ठेवलेली असते. आत टाकलेली कोंबडी थाळीबरोबर गोल फिरू लागते, पण भिंतीवरची स्थिर बोटे तिला अडवतात. या ओढाताणीत भिजून सैल झालेली पिसे निघतात आणि वरून पडणाऱ्या पाण्याबरोबर फटीतून खाली वाहून जातात. म्हणजे पिसे सैल करण्याचे काम गरम पाण्याचे आहे आणि ती झाडून काढण्याचे काम यंत्राचे. पाणी चुकले तर कितीही चांगले यंत्र कोंबडी साफ करणार नाही. नवे लोक नेमके याच ठिकाणी यंत्राला दोष देतात.

पहिली खरेदी रबरी बोटांची

आपल्याकडे बहुतेक जण आधी मोटार आणतात, मग ड्रम शोधतात आणि शेवटी बोटे मागवतात. हा क्रम उलटा करावा. चिकनवाले ज्याला नुसते ‘फिंगर’ म्हणतात, त्या रबरी बोटाच्या बुडाशी एक खाच असते आणि त्या खाचेत पत्रा अडकतो. खाचेची रुंदी किती, यावर थाळीचा पत्रा किती जाडीचा घ्यायचा ते ठरते, आणि खाचेतील गळ्याचा व्यास किती, यावर भोक किती मोठे पाडायचे ते ठरते. बोटे हातात आल्यावर व्हर्नियरने ही दोन मापे घ्यावीत आणि कागदावर लिहून ठेवावीत. पुढच्या अर्ध्या कामाचा पाया हाच आहे. बोटांत मऊ आणि कडक असे प्रकार मिळतात. कोंबडीसाठी मऊ घ्यावीत, कारण कडक बोटांनी तिची कातडी फाटते. खाली दिलेल्या मांडणीला ११३ बोटे लागतात, तरी १२५ घ्यावीत. काही बसवतानाच तुटतात आणि काही पहिल्याच हंगामात झिजतात.

ड्रम

निळा, २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम या कामाला उत्तम. मात्र त्यात आधी काय भरलेले होते, हे खात्रीने कळल्याशिवाय तो घेऊ नये. औद्योगिक वसाहतींच्या बाहेर भंगारात स्वस्तात मिळणाऱ्या ड्रमपैकी अनेकांत रसायने, रंग किंवा कीटकनाशके आलेली असतात, आणि तो वास प्लास्टिकमध्ये असा मुरतो की सोड्याने, चुन्याने, कशानेही धुतला तरी जात नाही. फळांचा गर, ग्लुकोजचा पाक किंवा खाद्यतेल आलेला, लेबल शाबूत असलेला ड्रमच घ्यावा, मग दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

ड्रमची दोन्ही तोंडे कापून सुमारे ५५ सेंटीमीटर उंचीचा सरळ तुकडा ठेवावा. कापल्यावर ड्रम थोडा अंडाकृती होतो, आणि ही गोष्ट लक्षात न घेतल्यास पुढे थाळी एका बाजूला घासते व दुसऱ्या बाजूला मोठी फट पडते. म्हणून वरच्या आणि खालच्या काठाला २५ बाय ५ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे गोल कडे बाहेरून बोल्टने बसवावे आणि त्यानंतरच आतील व्यास तीन-चार दिशांनी मोजावा. साधारण ड्रमचा आतील व्यास ५७ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. पुढची मापे त्या हिशेबाने दिली आहेत. आपल्या ड्रमप्रमाणे ती कमी-जास्त करून घ्यावीत.

थाळी आणि फटीचे गणित

थाळी ॲल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची करावी. लोखंडी पत्रा रंग लावूनही महिन्याभरात गंजतो आणि तो गंज मांसाला लागतो. स्टीलमध्ये ३०४ ग्रेडचा पत्रा मागावा. त्याला हाताच्या ड्रिलने भोके पाडणे म्हणजे दिवसभराची शिक्षा आहे. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंग करणारी वर्कशॉप आहेत, तेथे नकाशा दिला तर थाळी भोकांसह एकाच वेळी कापून मिळते. पत्रा तीन मिलिमीटरचा असेल तर खालून आडव्या पट्ट्या जोडून त्याला ताठपणा द्यावा लागतो.

थाळीचा व्यास ५३.५ सेंटीमीटर ठेवला, की ५७ च्या ड्रममध्ये चारी बाजूंनी साडेसतरा मिलिमीटर फट राहते. वर्कशॉपच्या भाषेत सांगायचे तर फट पाच ते सहा सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) असावी. माझ्या पहिल्या यंत्रात थाळी कापणाऱ्याने ‘घासायला नको’ म्हणून बाजूला दोन-दोन सूत जादा काढले, मलाही ते शहाणपणाचे वाटले, आणि फट जवळजवळ एक इंच झाली. पहिल्याच घाण्यात दोन कोंबड्यांचे पाय फटीत अडकले, एकीचा पंख खांद्यातून निखळला आणि बेल्ट घसरून धूर निघाला. उलट फट चार सुतांपेक्षा कमी झाली, तर ओली पिसे तेथेच गच्च बसतात आणि थाळी जाम होते. या यंत्रात दोन-चार सुतांनी एवढा फरक पडणारे दुसरे माप नाही, म्हणून थाळी कापायला देण्यापूर्वी जाड पुठ्ठ्याची तशीच थाळी कापून ड्रममध्ये ठेवून पाहावी.

बोटांची मांडणी अशी करावी. थाळीवर कंपासने तीन वर्तुळे काढावीत. बाहेरचे २२ सेंटीमीटर त्रिज्येचे, त्यावर १६ बोटे. मधले १५ सेंटीमीटरचे, त्यावर ११. आतले ८ सेंटीमीटरचे, त्यावर ६. अशी ३३ बोटे होतात आणि दोन बोटांमध्ये साधारण साडेआठ सेंटीमीटर अंतर राहते. ड्रमच्या भिंतीवर थाळीच्या पातळीपासून १०, १७, २४ आणि ३१ सेंटीमीटर उंचीवर चार ओळी आखाव्यात आणि प्रत्येक ओळीत २० बोटे घ्यावीत; वरच्या ओळीतील बोट खालच्या दोन बोटांच्या मधोमध येईल अशी ती सरकवून आखावीत. सर्वांत खालची ओळ थाळीवरील बोटांच्या टोकांच्या वर राहिली पाहिजे, नाहीतर फिरणारी आणि स्थिर बोटे प्रत्येक फेऱ्याला एकमेकांवर आपटून आठवड्याभरात तुटतात. थाळीवरील तुमची बोटे दहा सेंटीमीटरपेक्षा उंच उभी राहत असतील, तर चारही ओळी त्या प्रमाणात वर घ्याव्यात. वरच्या ओळीनंतर वीसेक सेंटीमीटर भिंत मोकळी राहते. ती तशीच ठेवावी, कारण वेग घेतलेली कोंबडी तेवढी उंच उसळते.

सगळी भोके पाडण्याआधी ड्रमच्या कापून टाकलेल्या तुकड्यावर एक भोक पाडून त्यात बोट बसवून पाहावे. भोक सैल असेल तर बोट चालू यंत्रात निखळते, घट्ट असेल तर गळा चिरतो. भोकाच्या कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात. बोट बाहेरच्या बाजूने आत घालायचे असते: ड्रममध्ये बाहेरून आणि थाळीत खालून. साबणाचे पाणी लावून टोक आत ढकलावे आणि पकडीने ओढावे, म्हणजे खाच पत्र्यावर ‘टक्’ आवाज करून बसते. तेलाचा किंवा ग्रीसचा वापर करू नये. त्याने रबर फुगते.

सांगाडा, शाफ्ट आणि बेअरिंग

सांगाडा दोन फूट बाय दोन फुटांचा, ४० मिलिमीटरच्या अँगलचा करावा आणि ड्रमचा खालचा काठ जमिनीपासून सुमारे ६० सेंटीमीटर वर येईल इतकी उंची ठेवावी. जालन्यातील रोलिंग मिलमुळे आपल्याकडे अँगल कोठेही सहज मिळतो, त्यामुळे येथे बचत करून पातळ माल घेऊ नये; हलका सांगाडा ओल्या फरशीवर नाचत सरकतो. पायांना भोकाच्या पट्ट्या जोडून ते काँक्रीटमध्ये फाउंडेशन बोल्टने पक्के करता आले तर उत्तम.

शाफ्ट, म्हणजे थाळी फिरवणारा उभा दांडा, २५ मिलिमीटरचा घ्यावा आणि त्याला २०५ क्रमांकाची दोन फ्लँज बेअरिंग, सांगाड्याच्या दोन आडव्या पाट्यांवर एकाखाली एक, वीस-पंचवीस सेंटीमीटर अंतर ठेवून लावावीत. बेअरिंग जितकी एकमेकांपासून दूर, तितकी थाळी कमी डुलते. मोटारीच्या बेल्टची मोठी पुली दोन बेअरिंगच्या मधे न बसवता खालच्या बेअरिंगच्याही खाली बसवावी. मधे बसवली तर बेल्ट तुटल्यावर संपूर्ण शाफ्ट उपसल्याशिवाय नवा बेल्ट चढत नाही, आणि बेल्ट नेमका गिऱ्हाईक दारात उभे असतानाच तुटतो. शाफ्टच्या वरच्या टोकाला लेथवर कातलेला हब (थाळी शाफ्टला जोडणारा जाड गोल तुकडा) बसवून त्यावर थाळी चार बोल्टने घट्ट करावी. बोल्टची डोकी थाळीत बुडालेली असावीत, कारण वर आलेले डोके कोंबडीची छाती खरवडते. शाफ्ट हाताने फिरवून थाळीच्या काठाजवळ खडू धरावा. काठ दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त वर-खाली होत असेल, तर हब पुन्हा लेथवर न्यावा, बोल्टखाली पत्र्याचे तुकडे घालून वेळ मारून नेऊ नये.

थाळीच्या खाली आणि वरच्या बेअरिंगच्या वर, उतरता पत्रा बसवावा लागतो. पिसे आणि पाणी या पत्र्यावरून घसरत एका बाजूने बाहेर पडतात. पत्र्यातून शाफ्ट जेथे जातो, तेथे दोन इंच उंच गोल कॉलर वेल्ड करावी आणि तिच्या वर शाफ्टवर ट्यूबच्या रबराची चकती घट्ट चढवावी, म्हणजे शाफ्टवरून ओघळणारे पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर फेकले जाते. हे पाच मिनिटांचे काम आहे, पण ते न केल्यामुळे बेअरिंग पहिल्या पावसाळ्यातच गेल्याची यंत्रे मी पाहिली आहेत.

मोटार आणि वेग

थाळीचा वेग मिनिटाला साधारण २४० ते २८० फेरे असावा. त्याहून कमी वेगात कोंबडी नुसती लोळते, आणि फार जास्त वेगात पंख मोडतात व कातडीवर रक्ताचे डाग उमटतात. बाजारात मिळणारी चार पोलची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. तिच्यावर ३ इंची पुली आणि शाफ्टवर १६ इंची पुली घातली, की १४४० गुणिले ३ भागिले १६, म्हणजे २७० फेरे येतात. बेल्टची थोडी घसर धरून ते २६० च्या आसपास राहतात. मोटारीवर ३ इंचांपेक्षा लहान पुली घालण्याचा मोह टाळावा, कारण ए सेक्शनचा बेल्ट इतक्या लहान वळणावर लवकर चिरतो. दुकानदार दोन पोलची मोटार पुढे करील. ती दुप्पट, म्हणजे २८८० च्या आसपास फिरते आणि या कामाला निरुपयोगी आहे. प्लेटवरील आकडा स्वतः वाचावा.

ताकद एक हॉर्सपॉवर पुरते. जुन्या वॉशिंग मशीनची मोटार लावण्याचा प्रयोग अनेकांनी केला आहे. एवढ्या मोठ्या थाळीवर दोन भिजलेल्या कोंबड्या पडल्या की ती दम टाकते. घरगुती जोडणीसाठी कपॅसिटर असलेली सिंगल फेज मोटार, पूर्ण बंद अंगाची, घ्यावी. शाफ्ट उभा असल्यामुळे मोटारही उभीच बसवावी लागते: सांगाड्याच्या बाहेरच्या बाजूस जाड प्लेट जोडून तिच्यावर मोटार शाफ्ट खाली करून बोल्ट करावी आणि वर पत्र्याचे छप्पर घालावे. ड्रमच्या थेट खाली मोटार बसवणे सुटसुटीत दिसते, पण सगळे पाणी शेवटी तिच्यावरच उतरते. प्लेटला लांबट भोके ठेवावीत, म्हणजे मोटार मागे-पुढे सरकवून बेल्ट ताणता येतो. बेल्टची लांबी दोन्ही पुल्यांभोवती सुतळी गुंडाळून मोजावी; ए-६५ या क्रमांकातील ६५ म्हणजे बेल्टची इंचांतील आतली लांबी, आणि वरील मापांना साधारण तोच बेल्ट बसतो.

वीज

येथे घाई करू नये. ओली फरशी, अनवाणी पाय, भिजलेले हात आणि लोखंडी सांगाडा, असे सगळे एकत्र आलेले यंत्र घरात दुसरे नसते. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी आणि त्याच्याकडून पुढील गोष्टी मागून घ्याव्यात: ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे), १६ अँपिअरचे एमसीबी (भार वाढल्यावर पडणारे), अडीच चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल, आणि सांगाडा व मोटार या दोन्हींना स्वतंत्र अर्थिंग. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटण दर आठवड्याला दाबून ते पडते का ते पाहावे.

अर्थिंगबाबत आपल्या काळ्या मातीचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा. ही माती पावसाळ्यात ओल धरते आणि चैत्र-वैशाखात सुकून तिला हातभर भेगा पडतात. भेगाळलेल्या, कोरड्या मातीत अर्थिंगची पट्टी नुसती पुरलेली राहते, काम करीत नाही. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात दर दोन-तीन दिवसांनी बादलीभर पाणी ओतावे.

साध्या बटणाऐवजी स्टार्टर लावावा. भारनियमनात वीज गेली आणि बटण चालूच राहिले, तर वीज परत येताच थाळी आपोआप फिरू लागते, आणि त्या क्षणी कोणाचा तरी हात अडकलेले पीस काढण्यासाठी आत असतो. स्टार्टर वीज गेल्यावर स्वतः सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नाही. त्याच्याबरोबर लाल रंगाचे मोठे थांबा-बटण कोंबडी टाकणाऱ्याच्या कोपराजवळ लावावे. बेल्ट आणि पुल्यांवर जाळीचे आवरण हवेच. पदर, ओढणी, उपरणे आणि सैल बाह्या यांना यंत्राजवळ जागा नाही. व्होल्टेज १९० च्या खाली गेलेले असेल तर मोटार सुरू करू नये. ती नुसती गुणगुणते आणि दहा-वीस सेकंदांत तापते.

पाण्याची फवारणी

अर्धा इंची पीव्हीसी नळी वाकवून किंवा कोपऱ्याचे जोड लावून ड्रमच्या वरच्या काठाला आतून गोल फिरवावी आणि तिला खाली-आत तोंड करून तीन-तीन इंचांवर बारीक भोके पाडावीत. साधा पाइप जोडला की काम होते. एका घाण्याला साधारण पाच लिटर पाणी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात हे पाणी वाहू देणे मनाला पटत नाही. परंतु तेच पाणी गाळून पुन्हा कोंबडीवर फवारू नये, कारण त्यातून एका पक्ष्याची विष्ठा सगळ्यांना लागते. उताराच्या तोंडाशी कांद्याची जाळीदार गोणी बांधावी, म्हणजे पिसे तिच्यात अडकतात आणि खाली निथळलेले पाणी शोषखड्ड्याकडे किंवा झाडांच्या आळ्यात नेता येते. विहिरीच्या किंवा नाल्याच्या दिशेने ते जाऊ देऊ नये.

गरम पाणी: खरे कसब येथे आहे

गावरान कोंबडीसाठी पाण्याचे तापमान ६२ ते ६५ अंश सेल्सिअस आणि बुडवण्याचा वेळ ६० ते ९० सेकंद ठेवावा. कोवळ्या ब्रॉयलरला ६० अंश पुरतात. जुना, दोन वर्षांचा कोंबडा असेल तर ६५ अंश आणि पूर्ण दीड मिनिट लागते. पाणी ७० च्या पुढे गेले की कातडी शिजू लागते आणि यंत्रात ती पिसांबरोबर फाटून निघते. पाणी ५८ च्या खाली गेले, तर पंखांची व शेपटीची मोठी पिसे जागची हलत नाहीत.

थर्मामीटर विकत घ्यावा. काही शे रुपयांत मिळतो. तो हाताशी नसेल तेव्हा मिश्रणाचा हिशेब उपयोगी पडतो. आपल्या पठारावर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. हिवाळ्यात २० अंशांचे साधे पाणी आणि उकळते पाणी बादलीस बादली मिसळले तर ५९ अंश येतात, म्हणजे उकळते पाणी थोडे जास्त घ्यावे लागते. पावसाळ्यात साधे पाणी २६ अंशांचे धरले तर तेच मिश्रण ६२ वर येते. मे महिन्यात गच्चीवरील टाकीतील पाणीच ३५ अंशांचे असते, आणि समान मिश्रण ६६ च्या पुढे जाऊन कातडी फाटण्याचा धोका वाढतो. भांडे स्वतःही थोडी उष्णता खाते. ‘आखाडात जमले, धुळवडीला कातडी फाटली’ या तक्रारीचे मूळ बहुधा यंत्रात नसून टाकीत असते.

चुलवणावर किमान ४० लिटरचे तपेले ठेवावे. एक कोंबडी बुडवली की पाणी साधारण एक अंशाने उतरते, म्हणून लहान बादलीत चौथ्या कोंबडीपर्यंत ते निकामी होते. गळा कापल्यानंतर दोन-तीन मिनिटे रक्त पूर्ण गळू द्यावे आणि पक्ष्याची हालचाल पूर्ण थांबल्यानंतरच त्याला पाण्यात घालावे. ही गोष्ट दयेची आहेच, पण अर्धवट रक्त गळलेल्या पक्ष्याची कातडीही लाल पडते. पाय धरून वर-खाली हलवावे, म्हणजे पाणी पिसांच्या मुळापर्यंत पोहोचते. पायाची खवले नखाने सहज सुटू लागली आणि पंखाचे मोठे पीस दोन बोटांनी ओढताच आले, की बाहेर काढावे. घड्याळापेक्षा या दोन खुणांवर विश्वास ठेवावा.

यंत्र चालवणे

यंत्र नेहमी रिकामे सुरू करावे, पाणी सोडावे, थाळीने वेग घेतला की मग कोंबडी आत टाकावी. आधी कोंबडी ठेवून बटण दाबल्यास मोटारीवर अकारण ताण येतो. दीड किलोच्या दोन किंवा तीन कोंबड्या एका वेळी चालतात. एकटी कोंबडी उसळते आणि चार झाल्या तर एकमेकींत गुंततात. वीस ते तीस सेकंदांत काम होते. मानेजवळ किंवा काखेत चार पिसे राहिली म्हणून आणखी वीस सेकंद फिरवू नये. ती हाताने काढावीत. पिसे झडून नवी फुटण्याच्या काळातील कोंबडीत कोवळ्या पिसांचे खुंट राहतातच, आणि कडकनाथच्या काळ्या कातडीत ते दिसतही नाहीत, बोट फिरवूनच शोधावे लागतात. जाळावर भाजण्याने बारीक लव जाते, खुंट जात नाहीत.

काही बिघडल्यास प्रथम पाणी तपासावे, मग यंत्र. मोठी पिसे राहत असतील तर पाणी थंड आहे. कातडी फाटत असेल तर ते फार गरम आहे किंवा बोटे कडक आहेत. पंख मोडत असतील तर वेळ किंवा वेग जास्त आहे. पाय अडकत असतील तर फट मोठी आहे, आणि त्यावर थाळी बदलण्यावाचून उपाय नाही. बेल्ट चरचरत असेल तर तो ओला होत आहे. ताण वाढवण्यापूर्वी आवरणातील गळती शोधावी.

आजारी किंवा मरून पडलेली कोंबडी या यंत्रात कधीही घालू नये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लू आढळला होता. अशा पक्ष्याला गरम पाण्यात बुडवून यंत्रात फिरवणे म्हणजे रोगाचे तुषार स्वतःच्या तोंडावर उडवून घेणे आहे. एकाएकी मर सुरू झाली तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. विक्रीसाठी काम करणार असाल, तर अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना नियमांत दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंतच्या लहान कामाला नोंदणी आणि त्यापुढे परवाना अशी विभागणी केलेली आहे. यंत्र आले की हा आकडा नकळत ओलांडला जातो.

पिसांचे काय करायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडतो, आणि उकिरड्यावर टाकली तर गावातील कुत्री तो रात्रीत सोडवतात. पिसांत नत्र भरपूर असते, पण ती सावकाश कुजतात. तुराट्या, पळाट्या किंवा कडब्याची कुट्टी यांच्या थरात ओली पिसे पातळ पसरून, वर शेणकाला शिंपडून, हातभर मातीने झाकावीत आणि खड्डा ओला ठेवावा. सहा-आठ महिन्यांनी ढीग उलथून पाहावा. पिसांचे दांडे दिसत असतील तर पुन्हा झाकावा.

काम संपले की मुख्य वीज बंद करून, ड्रम आधी थंड पाण्याने आणि नंतर सोड्याच्या गरम पाण्याने धुवावा. प्रथमच गरम पाणी ओतले तर रक्त आणि चरबी बोटांच्या मुळाशी चिकटून बसतात. चरबीने रबर फुगते आणि उन्हाने ते तडकते, म्हणून धुतल्यावर यंत्र सावलीत वाळवावे. तडा गेलेले बोट त्याच दिवशी बदलावे, कारण तुटलेला रबराचा तुकडा कोंबडीच्या पोकळीत जाऊन बसतो. श्रावणात यंत्र महिनाभर बंद राहणार असेल, तर बेल्ट सैल करून ठेवावा, बेअरिंगला ग्रीस द्यावे आणि उतरत्या पत्र्याचे तोंड जाळीने बंद करावे. चरबीच्या वासाने उंदीर आत शिरतात आणि सर्वांत आधी केबल कुरतडतात.